कौतुक पुरे, दर बोला

दसरा-दिवाळी जवळ आली की हैदराबादच्या तारनाक्याच्या आसपास बायकांच्या हस्तकलेची प्रदर्शने लागतात. कधी सोसायटीच्या हॉलमध्ये, कधी देवळाच्या मंडपात, कधी कुणाच्या तळमजल्यावर. टेबलांवर गोधड्या असतात, क्रोशाचे रुमाल, मण्यांची तोरणे, कशिद्याच्या पिशव्या, कापसाची वस्त्रे, गौरीचे दागिने असतात. उद्घाटनाचे पाहुणे दरवर्षी वेगळे असतात, भाषण मात्र तेच असते. बायकांच्या हातात मुळातच कला असते. घर सांभाळून, फावल्या वेळात त्यांनी ती जोपासावी. चार पैसे हाती येतील, समाजात ओळख होईल. आणि आता तर मोबाइलवरून जगभर माल विकता येतो. टाळ्या होतात, फीत कापली जाते, आणि पहिले गिऱ्हाईक टेबलापाशी येऊन विचारते, "थोडे कमी करा ना, घरीच तर केलंय."

या भाषणातले जवळजवळ प्रत्येक विधान मला अमान्य आहे. बोलणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण भाषण आणि ते गिऱ्हाईक यांचा सरळ संबंध आहे, आणि तो कोणी बोलून दाखवत नाही. काम घरात, सवडीने, हौसेने होते असे व्यासपीठावरून सांगितले की त्या कामाला पूर्ण दाम द्यायचे कारण उरत नाही. गिऱ्हाईक पाहुण्यांचेच म्हणणे रुपयांत बोलून दाखवते.

आधी हा फावला वेळ कुठे आहे ते पाहू. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया बिनपगारी घरकामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि घरकामाला हात लावणारे पुरुष ९७ मिनिटे, असे तिच्यात आढळले. म्हणजे बाईचे रोजचे पाच तास आधीच गेलेले. मुलांचे करणे, म्हाताऱ्यांचे करणे यांचा हिशेब त्या पाहणीत आणखी वेगळा आहे. उरलेल्या दिवसातून ती जे क्रोशाकाम काढते ते दुपारच्या झोपेतून, रात्री घर निजल्यावर, डोळ्यांना ताण देऊन काढते. ते तिचे दुसऱ्या पाळीचे काम आहे.

आता त्या पाळीची मजुरी काढू. जेवणाच्या टेबलावर घालायचे क्रोशाचे आच्छादन घ्या. सुताला ३५० रुपये लागले, विणायला ६० तास लागले आणि प्रदर्शनात ते १,५०० रुपयांना गेले असे धरा. विणणारीला वाटते, साडेअकराशे सुटले. तासाला पडले १९ रुपये. आठ तासांच्या दिवसाला १५३. केंद्र सरकारने २०१९ साली ठरवलेली राष्ट्रीय किमान मजुरीची तळरेषा दिवसाला १७८ रुपये होती, आणि तीही फार कमी आहे असे सरकारनेच नेमलेल्या तज्ज्ञ समितीचे म्हणणे होते. त्या समितीने २०१८ च्या किमती धरून ३७५ रुपये सुचवले होते. ३७५ च्या हिशेबाने त्याच आच्छादनाची किंमत ३,१६० रुपयांच्या घरात जाते. यात टेबलाचे भाडे, येण्याजाण्याचा खर्च, न खपलेला माल यांतले काहीच धरलेले नाही. ६० तास नेमके काम करणारा कुशल सुतार याच्या अर्ध्या पैशांत उभा राहील का, हे आपापल्या घरी विचारून पाहावे.

यावर मला मिळणारे उत्तर ठरलेले आहे. "अहो, पण त्यांना कुठे त्याच्यावर घर चालवायचंय?" हे उत्तर तारनाक्यात सहज सुचते, त्याचे कारण इथल्या वस्तीत आहे. एकीकडे उस्मानिया विद्यापीठ, जवळच राष्ट्रीय पोषण संस्था आणि भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था, पलीकडे लालागुड्याची रेल्वे वसाहत. इथली पुष्कळ मराठी कुटुंबे नवऱ्याच्या नोकरीपायी आली. पदवी घेतलेली, नांदेडला किंवा पुण्याला शाळेत शिकवत असलेली बाई बदलीबरोबर इथे आली, भाषा परकी, मुले लहान, नोकरी सुटली ती सुटलीच. तिला हस्तकला सुचवली जाते, कारण त्याने घरातले काहीच हलत नाही. स्वयंपाकाची वेळ हलत नाही, नवऱ्याची पाळी हलत नाही. तिला पगाराची गरज नाही हे तिच्या वतीने दुसऱ्यांनीच ठरवून टाकलेले असते.

समजा, तिला खरोखर गरज नाही. तरी तिच्या टेबलाशेजारचे टेबल पाहा. तिथे बसलेली बाई विधवा असू शकते, गोधड्या शिवून मुलाची फी भरणारी असू शकते. पगारदार घरातली बाई हौसेने सुताच्या किमतीवर शंभर रुपये चढवून वस्तू देते, तेव्हा त्या हॉलमधला भाव ठरतो, आणि शेजारणीला त्याच भावाला विकावे लागते. गरज नसलेल्या हातांनी काम स्वस्त देणे हे मोठेपण वाटते, पण त्याची किंमत गरज असलेले हात मोजतात. म्हणून दर हा प्रत्येकीचा खासगी मामला राहू शकत नाही. ज्या बाईला पैसा नको असेल तिने तो खुशाल दान करावा, पण आधी पूर्ण दर घ्यावा.

या सगळ्याचा मोठा पुरावा आपल्याला फार लांब शोधावा लागत नाही. गोदावरी नाशिकहून निघते, पैठण-नांदेडवरून तेलंगणात शिरते आणि समुद्राला मिळण्याआधी पश्चिम गोदावरी जिल्ह्यातल्या नरसापूरजवळून जाते. या नरसापूरच्या टापूत एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांच्या बायकांनी गरीब स्त्रियांना क्रोशाची लेस शिकवली. पुढे व्यापारी आले, निर्यात वाढली. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी तिथे राहून केलेला अभ्यास १९८२ साली पुस्तकरूपाने आला आणि जगभर वाचला गेला. त्यांनी जे पाहिले ते आपल्या भाषणांच्या शेजारी ठेवून वाचले पाहिजे.

एजंट घरी येऊन सूत देऊन जात. बाई घरात बसून फुले विणी, दुसरी कोणी ती जोडी, तिसरी कडा करी. तयार माल एजंट घेऊन जाई. तो कुठल्या देशात जातो, केवढ्याला विकला जातो, हे विणणारीला माहीत नसे. शेजारच्या गल्लीतली बाई तेच काम करते आहे हे माहीत असले तरी दोघी मिळून दर मागण्याची सोय नव्हती, कारण दोघीही आपापल्या घरात 'गृहिणी' होत्या. विणणाऱ्या कापू जातीच्या बायकांना घराबाहेर न पडणे प्रतिष्ठेचे वाटत होते, आणि त्या प्रतिष्ठेपायी त्या शेतात मजुरी करणाऱ्या दलित बायकांपेक्षाही कमी मिळवत होत्या. दिवसाचे सहा-आठ तास सुई चालवूनही कामगार म्हणून त्यांची नोंद होत नव्हती. निर्यातदार पुरुष मात्र श्रीमंत झाले. हा साराच धंदा एका समजुतीवर उभा होता, की या बायका काम करत नाहीत, रिकामा वेळ सत्कारणी लावतात.

२०२४ साली नरसापूरच्या क्रोशा लेसला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच वर्षी हैदराबादच्या लाखेच्या बांगड्यांनाही मिळाले. मला याचा आनंद आहे. नकली मालापासून नाव वाचेल. पण मानांकन गावाच्या नावाला मिळते. विणणारीच्या तासाला काय पडावे याबद्दल ते काही सांगत नाही, आणि ते मिळाले म्हणून प्रश्न सुटला असे लिहिणाऱ्यांनी एवढे तरी वाचकांना सांगावे. आपल्याच शहरात जुन्या भागातल्या घरांतून जरदोजीचे काम नगावर चालते. लग्नाच्या ज्या साड्यांवर आणि शेरवानींवर ते चढते त्यांची किंमत दुकानाच्या काचेवर दिसते, काम करणारीला नगामागे काय मिळाले ते कुठेच दिसत नाही. दुकानदार, ठेकेदार आणि घर अशी ही साखळी आहे, आणि साखळीत घर शेवटी येते.

आता ओळखीचे. पैसे नसतील, पण ओळख तर मिळते ना, हा युक्तिवाद मला जास्त सलतो. आपल्याकडे बायकांच्या हातच्या कामाला कौतुकाची वाण कधी नव्हती. लग्नातले रुखवत आठवा. मावशीने विणलेले, आत्याने भरलेले, आजीने शिवलेले सारे मांडले जाई. वऱ्हाडातल्या बायका वाकून वाकून पाहत, नवरीच्या हाताला गुण आहे म्हणत. ज्या आत्याने डोळे फोडून ते भरलेले असे तिचे नाव कुठे लागत नसे. ही ओळख शेकडो वर्षे मिळत आली आणि तिने एकाही बाईच्या नावावर पैसा जमा केला नाही. प्रदर्शनातल्या टेबलावर मंडळाच्या नावाचा फलक असतो, प्रायोजकाचा असतो. गोधडीवर शिवणारीचे नाव नसते. देशाच्या चौथ्या हातमाग गणनेत, २०१९-२० साली, विणकरांत ७२ टक्के स्त्रिया निघाल्या. तुम्हाला किती विणकर स्त्रियांची नावे सांगता येतील?

"दर वाढवला तर घेणार कोण?" हा यातला सगळ्यात प्रामाणिक आक्षेप आहे, म्हणून त्याला नीट उत्तर देते. याच शहरात सुरैया हसन बोस यांनी त्याचे उत्तर हातमागावर दिले. सुती ताण्यावर रेशमी बाण्याने नक्षी उठवणारा हिमरू ही मुळात आपल्या औरंगाबादची ओळख, आणि मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता तेव्हा या दोन शहरांत अंतर नव्हते. हे विणकाम मरायला टेकले होते. सुरैयाबाई सरकारी हस्तकला क्षेत्रात शिकून-सवरून हैदराबादेत परतल्या आणि दर्गा हुसेन शाह वली परिसरात त्यांनी हिमरू, मशरू, पैठणी यांचे माग घातले. मागावर बसवल्या त्या विधवा बायका, ज्यांनी आधी कधी धोटा हातात धरला नव्हता. काम कारखान्यात, ठरल्या वेळी, उजेडात. मुले शिकायला त्याच आवारात शाळा. ती शाळा त्यांनी आपले काका आबिद हसन सफ्रानी यांच्या नावाने चालवली. माल त्यांनी स्वस्त केला नाही. इतका चांगला केला की त्याची पारख असणारे शोधत आले. २०२१ साली त्या वारल्या, तेव्हा हिमरूवर लिहिणाऱ्या प्रत्येकाला त्यांचे नाव घ्यावे लागले. घरबसल्या विणा, असे त्या बायकांना त्यांनी सांगितले असते तर हे झाले नसते, असे माझे ठाम मत आहे. नक्षी चुकली तर ती दाखवायला शेजारी जाणकार हात लागतो, आणि दर मागायला शेजारी दुसरी बाई लागते.

यावर कोणी लिज्जतचे नाव घेईल, आणि घ्यावेच. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, आणि पापड तर घरीच लाटले जातात! खरे आहे. पण नीट पाहा. पीठ केंद्रात मळले जाते, लाटलेला पापड केंद्रात तपासून, तोलून घेतला जातो, लाटण्याचा दर सगळ्यांना सारखा असतो आणि लाटणारी प्रत्येक बहीण संस्थेची मालकीण असते. घर फक्त लाटण्याची जागा आहे. माल, मोजमाप, दर आणि नफा यांची व्यवस्था घराबाहेर, सामायिक आहे. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली मुंबईत गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले, तेही याच वळणाने. सावकाराऐवजी बँकेचे कर्ज, आणि ते बाईच्या स्वतःच्या नावावर. मराठी समाजाकडे हे सगळे घरचे अनुभव असताना आपण प्रदर्शनात फीत कापून थांबतो, याचे मला वाईट वाटते.

प्रदर्शन ही कल्पना या शहरात आली ती अर्थकारणाच्या अंगाने. १९३८ साली उस्मानियाच्या पदवीधरांच्या संघटनेतील अर्थसमितीने संस्थानातला माल लोकांपुढे मांडण्यासाठी नुमाइश सुरू केली, ती आजही दरवर्षी १ जानेवारीपासून नामपल्लीला भरते. त्या तरुणांच्या डोक्यात उत्पादन, बाजार आणि रोजगार होता. बायकांच्या कलेचे प्रदर्शन म्हटले की तोच विचार कुठे हरवतो?

मोबाइलचे म्हणाल तर थोडक्यात सांगते. ओळखीतल्या गटावर चार वस्तू खपतात. पण तारनाक्यातल्या बाईला ई-कॉमर्स मंचावरून पुण्याच्या गिऱ्हाइकाला गोधडी विकायची तर तिची उलाढाल कितीही लहान असो, वस्तू व सेवा कराची नोंदणी लागते. २०२३ च्या ऑक्टोबरपासून छोट्या विक्रेत्यांना सूट मिळाली ती राज्याच्या आतल्या विक्रीपुरती. आणि या शहरातल्या मराठी बाईचे स्वाभाविक गिऱ्हाईक तर सीमेपलीकडे आहे. सरकारी योजनांचेही तसेच. २०२३ च्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. शिंपी आहे, बाहुल्या-खेळणी करणारे आहेत, फुलांचे हार करणारे आहेत. भरतकाम, क्रोशा, गोधडी यांची नावे नाहीत. त्यात लाभ कुटुंबातल्या एकालाच. नवरा सुतार असेल तर बायकोच्या सुईचा प्रश्न तिथेच संपतो. घरी बसून दुसऱ्यांसाठी काम करणाऱ्यांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार १९९६ साली झाला. तो व्हावा म्हणून झटणाऱ्यांत आपली 'सेवा' ही स्वयंरोजगार करणाऱ्या स्त्रियांची संघटना आघाडीवर होती. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. व्यासपीठावरच्या पाहुण्यांना काही मागायचेच असेल तर त्यांनी हे मागावे.

उलट्या बाजूनेही मला टोकले जाते. शिकलेल्या मैत्रिणी म्हणतात, सोडून दे हे सुया-दोरे, बायकांना संगणक शिकव, नोकऱ्या मिळव. त्यांच्या म्हणण्यात पुष्कळ तथ्य आहे, आणि आमच्या शेजारच्याच विद्यानगरात त्याला मोठा आधार आहे. दुर्गाबाई देशमुखांनी १९३७ साली मद्रासेत स्थापन केलेली आंध्र महिला सभा पुढे तिथे वाढली. चिंतामणराव देशमुखांशी लग्न झाल्यामुळे आपण त्यांना सहज आपल्या म्हणतो, पण त्यांच्या कामाची दिशा आपण पाहिली का? सभेच्या सुरुवातीच्या दिवसांपासून त्यांनी प्रौढ बायकांना मॅट्रिकच्या परीक्षेला बसवले. केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा म्हणून त्यांनी शाळा सुटलेल्या बायकांसाठी कमी मुदतीचे शिक्षणक्रम १९५८ साली देशभर सुरू केले. हातात हुन्नर असलेल्या बाईला प्रमाणपत्रही हवे, म्हणजे ती एकाच दारावर अवलंबून राहत नाही, हे त्यांना कळत होते.

मी मैत्रिणींशी एवढ्यावरच सहमत आहे. दारे दोन असावीत. पण सुई सोडा म्हणणाऱ्यांना मी विचारते, की हे काम हलके का वाटते? जरदोजीचा अड्डा, हिमरूचा माग, टाक्याला टाका जुळवत शिवलेली गोधडी यांना लागणारी एकाग्रता आणि शिक्षण कुठल्याही कचेरीतल्या कामापेक्षा कमी नाही. ते हलके वाटते कारण त्याला पैसे कमी मिळतात, आणि पैसे कमी मिळतात कारण ते बायका घरात करतात. हुन्नर सोडून पळाल्याने हे गणित सुटत नाही. कचेरीतही ते बायकांच्या मागे येते.

मग तारनाक्यात काय करायचे? मंडळांना, संस्थांना, सोसायट्यांना माझे सरळ मागणे आहे. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी लावा: करणारीचे नाव, लागलेले तास, मालाचा खर्च. त्या तासांना किमान ठरलेला दर धरूनच किंमत काढा, आणि त्याखाली विकायला टेबल देऊ नका. उद्घाटनाच्या हारांचे आणि स्मृतिचिन्हांचे पैसे वाचवून एक खोली भाड्याने घ्या, जिथे बायका रोज दुपारी ठरल्या वेळेला बसून काम करतील, एकमेकींचे टाके पाहतील, सूत घाऊक आणतील. वर्षभर मंडळात भेट म्हणून द्यायच्या वस्तू तिथूनच पूर्ण दराने घ्या. हिशेबाची वही सगळ्यांना उघडी ठेवा आणि पैसे बाईच्या स्वतःच्या खात्यात जमा करा.

मला सांगितले जाते की एवढी शिस्त लावली तर अर्ध्या बायका येणार नाहीत, घरून वेळ मिळणार नाही. शक्य आहे. तसे झाले तर ज्या आल्या नाहीत त्यांच्या घरी जाऊन विचारा, की दुपारचे तीन तास त्यांच्याकडून कोण घेते आहे. प्रदर्शनाच्या भाषणात तो प्रश्न आजवर एकाही पाहुण्याने विचारलेला मी ऐकलेला नाही.